सामना शनिवारी नक्की, पण किती वाजता?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अमेरिकेत कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात शिकते. ऑक्टोबरात ताई आणि त्यांचे यजमान तिच्याकडे जाणार आहेत आणि लेकीने दोघांसाठी फुटबॉलच्या (आपला नव्हे, हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल) सामन्याची तिकिटं काढून ठेवली आहेत. तिकिटावर तारीख आहे, वेळेच्या जागी नुसतं ‘टीबीए’, म्हणजे नंतर कळवू. ताई विचारतात, ‘लाखभर माणसं येणार आणि वेळ माहीत नाही, असं कसं? ही वेळ ठरवतं कोण, लपवतात का, आणि सामना दुपारचा बरा की रात्रीचा?’

लपवत कोणी नाही, ताई. वेळ खरोखरच अजून ठरलेली नाही. आपल्याकडे लग्नाची तारीख धरली, कार्यालय घेतलं, आचारी सांगितला, पाहुण्यांना बोलावणी गेली, पण मुहूर्त बारा दिवस आधी कळणार; आणि तो मुलाकडचे सांगणार नाहीत, मुलीकडचे सांगणार नाहीत, व्हिडिओ शूटिंगवाला सांगणार. हा तसलाच प्रकार आहे.

मी सतरा वर्षं अमेरिकेत क्रीडा प्रसारणात काम करतो. पहिली सहा वर्षं स्टेडियमबाहेर उभ्या असणाऱ्या प्रसारणाच्या ट्रकमध्ये गेली, पुढची सगळी वेळापत्रकाच्या टेबलावर. म्हणजे हा मुहूर्त काढणाऱ्या भटजींपैकी मीही एक, असं समजा. शिव्या खायची सवय आहे.

आधी मुहूर्ताचा अधिकार आमच्याकडे आला कसा ते सांगतो. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे कुठले आणि किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संघटना ठरवायची. टीव्हीवर फुकट दिसलं तर मैदानात कोण येईल, ही भीती त्यामागे होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडीत काढली. हक्क विद्यापीठांकडे आले. विद्यापीठांनी ते आपापल्या गटामार्फत, म्हणजे इथल्या भाषेत कॉन्फरन्समार्फत, विकायला काढले. ओहायो स्टेट ज्या ‘बिग टेन’ गटात आहे, त्याने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तीन चॅनेलांशी सात वर्षांचा करार केला. रक्कम सात अब्ज डॉलरच्या वर. त्या करारात पैशाच्या ओळीखालीच एक साधी ओळ असते: सामना किती वाजता सुरू होणार हे चॅनेल ठरवेल.

त्यामुळे विद्यापीठाचे अधिकारी ‘वेळ आमच्या हातात नाही हो’ म्हणतात ते खरं असलं तरी अर्धंच. ती हातातच होती. विकली.

आता दिवसाची रचना. कॉलेज फुटबॉलचा शनिवार आम्ही चार खिडक्यांत विभागतो. पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने पहिली खिडकी दुपारी बाराची, दुसरी साडेतीनची, तिसरी संध्याकाळी सात ते आठची आणि चौथी रात्री दहा-साडेदहाची. मधलं अंतर साधारण साडेतीन तासांचं असतं, कारण घड्याळावर साठ मिनिटांचा असलेला खेळ प्रत्यक्षात तीन तास वीस-पंचवीस मिनिटं खातो. त्यातला बराच वेळ जाहिरातींचा. मैदानाच्या कडेला एक माणूस उभा असतो, त्याला आम्ही ‘रेड हॅट’ म्हणतो. तो हात आडवे धरून उभा राहिला की पंच खेळ सुरू करत नाहीत, कारण टीव्हीवर गाडीची किंवा विम्याची जाहिरात चालू असते. तुम्ही स्टेडियममध्ये बसाल तेव्हा लाखभर लोक आणि बावीस खेळाडू नुसते उभे आहेत असं दिसेल. काही बिघडलेलं नसेल. जाहिरात चालू असेल.

बिग टेनमध्ये ढोबळ वाटणी अशी की बाराला फॉक्स, साडेतीनला सीबीएस, रात्री एनबीसी. कोणत्या आठवड्यात आधी निवडायचा मान कोणाचा, हे चॅनेलं हंगामाआधीच आपसात वाटून घेतात. काही मोठ्या सामन्यांच्या वेळा मे-जूनमध्येच जाहीर होतात. बाकीच्यांच्या बाबतीत सामन्याच्या बारा दिवस आधी, म्हणजे सोमवारी, निवड होते. काही वेळा तिथेही निर्णय राखून ठेवता येतो आणि मग सहा दिवस आधी, रविवारी, वेळ कळते. ही सहा दिवसांची सवलत वर्षाला मोजक्याच वेळा मिळते, म्हणून ती हुकमाच्या पत्त्यासारखी जपून टाकतात.

इतका उशीर कशाला? कारण ऑगस्टमध्ये कोण चांगलं खेळेल ते कोणालाच ठाऊक नसतं. २०२४ चा इंडियाना विद्यापीठाचा संघ घ्या. हंगामाआधी तो कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. २३ नोव्हेंबरला तो कोलंबसला आला तेव्हा दहापैकी दहा सामने जिंकून आला होता. त्या सामन्याची वेळ उन्हाळ्यातच पक्की केली असती तर तो कुठल्यातरी लहान चॅनेलच्या कोपऱ्यात गेला असता. फॉक्सने तो बाराला, मुख्य चॅनेलवर लावला. आमच्या बाजूने पाहिलं तर बारा दिवसांचा नियम अगदी शहाणपणाचा आहे. तुमच्या बाजूने तो काय आहे, त्यावर मी परत येतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

आधी लोकांना सर्वांत जास्त सतावणारी गोष्ट: सगळ्यात मोठा सामना भर दुपारी बाराला का?

कोल्हापूर-सांगलीकडचं कुस्त्यांचं मैदान आठवा. सकाळपासून लहान पोरांच्या कुस्त्या, मग मधल्या जोडी, आणि एक नंबरची कुस्ती शेवटी, दिवे लागल्यावर. टीव्हीही वर्षानुवर्षं याच हिशेबाने चालायचा. मोठी जोड रात्री. २०१९ मध्ये फॉक्सने हा क्रम उलटा केला आणि आपली एक नंबरची कुस्ती पहिली लावायला सुरुवात केली. ‘बिग नून’ नाव दिलं, त्याआधी गप्पांचा कार्यक्रम बसवला, आणि इथल्या बऱ्याच जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

फॉक्सचा हिशेब मात्र पक्का होता. रात्री आठला टीव्हीसमोर माणसं जास्त असतात हे खरं, पण त्या वेळी एबीसी या दुसऱ्या चॅनेलने २००६ पासून आपला शनिवार रात्रीचा सामना रुजवलेला होता. साडेतीनला सीबीएसकडे दक्षिणेतल्या एसईसी गटातला त्या आठवड्याचा सगळ्यात मोठा सामना असायचा. शिवाय ऑक्टोबरच्या शनिवारी रात्री फॉक्सला स्वतःचं बेसबॉल, वर्ल्ड सिरीज, दाखवायचं असतं. बाराला मात्र समोर कोणी दांडगा नव्हता. मोठ्या पंगतीत चौथा वाटेकरी होऊन बसण्यापेक्षा लहान पंगतीत एकट्याने बसावं, एवढं साधं ते गणित होतं. काही हंगामांतच ती दुपारची खिडकी देशात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या खिडक्यांत जाऊन बसली.

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला हे पटवणं मला नेहमी जड जातं, म्हणून थोडा थांबून सांगतो. लोकांना वाटतं की चॅनेल विचारतं, ‘प्रेक्षकाला कोणती वेळ सोयीची?’ मी ज्या बैठकांना बसलो तिथे हा प्रश्न पहिला कधीच आला नाही. पहिला प्रश्न असतो, ‘त्या वेळी समोर कोण आहे?’

याचा सगळ्यात स्वच्छ दाखला २१ डिसेंबर २०२४ चा. त्या वर्षी पहिल्यांदाच बारा संघांची राष्ट्रीय बाद फेरी झाली आणि त्या शनिवारी तीन सामने ठेवले होते. दुपारी बाराला पेन स्टेट विरुद्ध एसएमयू, चारला टेक्सस विरुद्ध क्लेमसन, रात्री आठला कोलंबसमध्येच ओहायो स्टेट विरुद्ध टेनेसी. पहिल्याला साधारण ६४ लाख प्रेक्षक मिळाले, दुसऱ्याला ८६ लाख, तिसऱ्याला १ कोटी ४३ लाख. वरवर पाहिलं तर ‘रात्रच बरी’ असं वाटेल. पण पहिल्या दोन सामन्यांच्या समोर त्या दिवशी एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे, दोन सामने चालू होते आणि त्यांना प्रत्येकी दीड कोटीहून जास्त लोक मिळाले. रात्री आठला एनएफएल संपलेलं होतं. पहिले दोन सामने टीएनटी या केबल चॅनेलवर होते आणि तिसरा एबीसीवरही, त्याचाही वाटा धरायला हवा. तरी मुख्य मारेकरी समोरचं एनएफएलच.

एरवी शनिवारी एनएफएल समोर का नसतं, त्याला एक कायदा कारण आहे. १९६१ च्या क्रीडा प्रसारण कायद्यामुळे सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ आणि आख्खा शनिवार शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलसाठी राखून ठेवल्यासारखा आहे. त्या काळात एनएफएलने तिथे घुसखोरी केली तर प्रसारणाचे हक्क एकत्र विकण्याची त्यांना मिळालेली कायदेशीर सूट धोक्यात येते. २१ डिसेंबर हा तिसरा शनिवार. कुंपण आदल्याच आठवड्यात संपलं होतं.

आणि सामना तसाच असला तर वेळ जवळजवळ पुसली जाते. ओहायो स्टेट-मिशिगन ही इथली शंभर वर्षांहून जुनी खुन्नस. २००६ मध्ये दोघे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना तो सामना साडेतीनला झाला, २ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. २०२३ मध्ये नेहमीप्रमाणे बाराला झाला, तरी १ कोटी ९० लाख. याच्या उलट टोकाला सप्टेंबर २०२३ मधला कोलोरॅडो विरुद्ध कोलोरॅडो स्टेट. पूर्वी व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजलेले डिऑन सँडर्स कोलोरॅडोचे प्रशिक्षक म्हणून नवे आलेले, सगळ्या देशात त्यांचीच चर्चा. सामना पूर्वेच्या घड्याळाने रात्री दहानंतर सुरू झाला, दोनदा जादा वेळ खेळला गेला आणि दोन वाजून गेल्यावर संपला. झोपेच्या त्या वेळी ९३ लाख लोक जागे होते. म्हणून नवीन मुलांना मी सांगतो, वेळेने प्रेक्षक जन्माला येत नाही. असलेला प्रेक्षक वाटला जातो.

आकड्यांबद्दल एक कानगोष्ट. चॅनेलं जे लाख-कोटी जाहीर करतात ते ‘इतक्या लोकांनी सामना पाहिला’ असे नसतात. ती दर मिनिटाची सरासरी असते. सामना एकतर्फी झाला की शेवटच्या तासात लोक उठतात आणि सरासरी पडते. शिवाय मोजणाऱ्या नील्सन कंपनीने पद्धत बदलली आहे: २०२० पासून बार, हॉटेल, दुसऱ्याचं घर अशा बाहेरच्या ठिकाणचे प्रेक्षक नेहमीच्या आकड्यात धरू लागले आणि सप्टेंबर २०२५ पासून सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींची माहितीही त्यात मिसळली. तेव्हा ‘यंदा बाराच्या सामन्यांनी विक्रम मोडला’ अशी बातमी वाचली की विक्रम खेळाने मोडला की मोजपट्टीने, हे विचारायची सवय लावून घ्या.

हे झालं सोफ्यावर बसलेल्यांचं. आता मैदानात येणाऱ्यांकडे.

बाराचा सामना म्हटला की स्टेडियमबाहेरचं टेलगेट सकाळी सात-आठला. टेलगेट म्हणजे पार्किंगमध्ये गाडीची मागची फळी उघडून मांडलेली जेवणावळ. यात्रेला गाड्या सोडून लोक रानात स्वयंपाक मांडतात ना, तसलंच. रात्रीचा सामना असेल तर ही यात्रा दिवसभर भरते. बाराचा असेल तर अंडी आणि बिअर एकाच ताटात येतात आणि दोन्ही नीट जात नाहीत. विद्यार्थी शुक्रवारी रात्री जागलेले असतात. सामना सुरू होताना त्यांचा विभाग अर्धा रिकामा दिसतो आणि कॅमेरामनला सांगावं लागतं की बाबा, तिकडे वळू नकोस. मीही हे सांगितलं आहे. नुसती वेळ दोषी आहे असंही नाही. नंतर उठून जाणारे असतातच. २०१९ मध्ये अलाबामा विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी एक ॲप आणलं. चौथ्या सत्रापर्यंत मैदानात थांबलात तर गुण मिळणार, गुण साठले की मोठ्या सामन्याच्या तिकिटात प्राधान्य. फोनवरून कळायचं कोण थांबलं आणि कोण पळालं. वर्गातली हजेरी परवडली.

खेळाडूंची उठाठेव वेगळी. सामन्याआधी साधारण चार तास जेवायचं असतं, म्हणजे बाराच्या सामन्याला सकाळी आठला पोटभर जेवण. प्रशिक्षकांची खरी तक्रार मात्र दुसरीच असते आणि ती बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. शाळेतली जी गुणी मुलं त्यांना आपल्या संघात ओढायची असतात, ती शुक्रवारी रात्री स्वतःच्या शाळेचा सामना खेळतात. दोन-तीन राज्यं ओलांडून शनिवारी सकाळी नवाला ती पोचणार कशी? रात्रीच्या सामन्याला ती येतात, दिव्यांखाली लाखभर लोक ओरडताना पाहतात आणि भारावून सही करायला तयार होतात. बारा वाजताच्या खिडकीने विद्यापीठाला पैसा मिळतो आणि हे पाहुणे हातचे जातात.

२०२४ मध्ये ओहायो स्टेटच्या चाहत्यांचा संयम सुटायला कारण होतं. ऑक्टोबरच्या शेवटापासून नियमित हंगाम संपेपर्यंत त्यांचे सहाच्या सहा सामने बाराला होते. पुढच्या वर्षीचा पहिला, टेक्ससविरुद्धचा घरचा सामनाही बारालाच लागणार हे कळल्यावर राज्याच्या विधिमंडळातल्या एका आमदाराने अशा मोठ्या सामन्यांना साडेतीनआधी बंदी घालायचं विधेयकच काढलं. मिशिगनचा सामना मात्र त्यातून वगळला, तो परंपरेने बाराचाच! विधेयक काढलं तरी टेक्ससचा सामना ३० ऑगस्ट २०२५ रोजी बारालाच झाला, मैदान भरलं आणि टीव्हीवर दीड कोटीहून जास्त लोक होते. त्या दुपारी फॉक्समध्ये कोणाला पश्चात्ताप झाला असेल असं मला वाटत नाही.

पेन स्टेटची हळहळ मला जास्त समजते. त्यांच्याकडे वर्षातून एकदा ‘व्हाइट आउट’ असतं: लाखाहून जास्त माणसं पांढऱ्या कपड्यांत, रात्री, एका आवाजात. पाहुण्या संघाला स्वतःच्या कॅप्टनचा शब्द ऐकू येत नाही. २ नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेट तिथे आलं, वर्षातला सगळ्यात मोठा सामना, आणि फॉक्सने तो बाराला घेतला. पांढरे कपडे आठवडाभराने वॉशिंग्टनविरुद्ध रात्री चढले. टीव्हीच्या आकड्यांत हे कुठे दिसत नाही, पण घरच्या मैदानाचा जो दबाव असतो तो उजेडात निम्मा होतो, असं ट्रकमध्ये बसून कानाला हेडफोन लावून मी सहा वर्षं ऐकलेलं आहे.

लुइझियाना राज्यात एलएसयू विद्यापीठाचे लोक तर दिवसाचा सामना हा अपमानच समजतात. तिथे रात्रीचं फुटबॉल १९३१ पासून आहे. ऊन आणि दमट हवा टाळायला सुरू झालं आणि पुढे धर्म बनलं. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी ऑबर्नविरुद्ध शेवटी शेवटी गुण झाला तेव्हा लोकांच्या उड्यांनी विद्यापीठातल्याच भूकंपमापकावर रेघ उमटली. तो रात्रीचाच सामना. याउलट मिशिगनच्या स्टेडियममध्ये पहिला रात्रीचा सामना व्हायला १० सप्टेंबर २०११ उजाडावं लागलं. उत्तरेतल्या मोठ्या विद्यापीठांना नोव्हेंबरची रात्र नकोच असते: थंडी, निसरडे रस्ते आणि म्हातारे वर्गणीदार.

म्हणून ‘चाहत्यांना काय हवं’ हा प्रश्न मला पोकळ वाटतो. कोणता चाहता? नेब्रास्काचं लिंकनमधलं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकलेलं आहे. त्या राज्यात दोन कालविभाग आहेत. पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफचा शेतकरी सहा तास गाडी चालवून येतो. बाराचा सामना त्याच्या घरच्या घड्याळात सकाळी दहाचा. म्हणजे पहाटे चारच्या आधी निघा, नाहीतर आदल्या रात्री हॉटेल घ्या. रात्रीचा असेल तर घरी पोचायला पहाट होते. त्याच्यासाठी दुपारी अडीच-तीनचा सामना सोन्यासारखा. कोलंबसमधल्या विद्यार्थ्याला रात्रीचा हवा, तीन लहान मुलं घेऊन येणाऱ्या बापाला बाराचा, बारवाल्याला रात्रीचा, रात्रभर बंदोबस्त करणाऱ्या पोलिसाला बाराचा.

पश्चिम किनाऱ्यावर तर घड्याळच शत्रू आहे. पूर्वेचे बारा म्हणजे कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ. ७ नोव्हेंबर २०२० रोजी यूएससी आणि ॲरिझोना स्टेट हे खरंच सकाळी नऊला खेळले. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते म्हणून निभावलं. एरवी तिकडचे सामने रात्री साडेसातला लागायचे, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये साडेदहा. पूर्वेकडचे पत्रकार आणि संघांच्या क्रमवारीसाठी मत देणारे झोपलेले. पश्चिमेच्या संघांना वर्षानुवर्षं वाटत आलं की आपण खेळतो ते कोणाला दिसतच नाही, आणि त्यात तथ्य होतं. यूएससी, यूसीएलए, वॉशिंग्टन, ओरेगन २०२४ पासून बिग टेनमध्ये आले त्यामागे मुख्यतः पैसा होता, पण दिवसाउजेडी दिसण्याची भूकही होती. आता ते पूर्वेत खेळायला आले आणि सामना बाराला लागला की शरीर म्हणतं सकाळचे नऊ. हवाईचं तर विचारू नका. तिथे संध्याकाळी सहाला सामना सुरू होतो तेव्हा सप्टेंबरात न्यूयॉर्कला मध्यरात्र असते.

मी मघाशी म्हटलं, खरं दुखणं बारा दिवसांचं. वेळेवरून भांडणारे चाहते माझ्याशी बोलतात तेव्हा पाच मिनिटांत कळतं की त्यांचा राग बारा वाजण्यावर नाही. बारा वाजणार हे मार्चमध्ये सांगितलं असतं तर त्यांनी शुक्रवारची रजा काढली असती. हॉटेलवाले सामन्याच्या शनिवारी दोन रात्रींची सक्ती करतात. विमानाचं तिकीट महिनाभर आधी स्वस्त असतं, तेव्हा वेळ ठाऊक नसते. वेळ कळते तेव्हा तिकीट महाग झालेलं असतं. वर्षानुवर्षं आसन राखणारे लोक दर हंगामाला देणगी देतात, वरून तिकिटाचे पैसे भरतात, आणि शेवटी सहा दिवस आधी कळतं की नातीच्या वाढदिवसाच्या वेळीच सामना आहे. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘मी देणगी देतो ती संघाला की तुमच्या चॅनेलला?’ मला उत्तर सुचलं नाही. त्या हंगामात त्यांच्या सामन्याची वेळ सहा दिवसांवर ढकलणाऱ्यांत मीही होतो, आणि शेवटी वेळ तीच ठेवली जी आम्हाला बारा दिवस आधीही माहीत होती. पत्ता हातात होता म्हणून धरून ठेवला, एवढंच.

यावर उपाय नाही असं नाही. एसईसीने २०२४ पासून, एबीसी-ईएसपीएनकडे सगळे सामने गेल्यावर, उन्हाळ्यातच प्रत्येक सामन्याला खिडकी सांगून टाकायला सुरुवात केली: हा दुपारचा, हा मधला, हा रात्रीचा, आणि काही ‘फ्लेक्स’, म्हणजे साडेतीन ते आठमध्ये कधीही. नेमकं मिनिट नंतर कळतं, पण रजा टाकायची की नाही ते जूनमध्ये कळतं. एकाच चॅनेल-कंपनीकडे सगळं असल्यामुळे त्यांना ते जमलं. बिग टेनमध्ये तीन दावेदार आहेत, तिथे प्रत्येकाला शेवटपर्यंत पत्ते लपवायचे असतात. तरी माझं मत असं की निम्मे सामने तरी मेमध्ये पक्के करता येतील. कमजोर संघांशी असलेले सामने कुठे जाणार हे आम्हाला तेव्हाही माहीत असतं.

आता तुमचं, ताई. शुक्रवार आणि शनिवार दोन्ही रात्री कोलंबसमध्येच काढा. शनिवारचं परतीचं विमान घेऊ नका, रविवारी दुपारनंतरचं घ्या. सामन्याच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारी लेकीला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहायला सांगा. त्या दिवशी वेळ दिसली नाही तर पुढच्या रविवारी दिसेल. बाराचा लागला तर तुमच्या दृष्टीने चांगलंच, कारण नाशिकहून आलेल्या माणसाला तिथे पहाटे चारलाच जाग येते. ऑक्टोबरात सकाळी थंडी आणि दुपारी ऊन असं दोन्ही असतं, तेव्हा अंगावर काढता-घालता येतील असे कपडे ठेवा. साडेतीनचा असेल तर पूर्वेकडच्या बाजूला बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येतं, टोपी न्या. रात्रीचा असेल तर शाल नव्हे, जाड जॅकेट.

वेळ कुठलीही असो, सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी आपल्या जागेवर बसा. त्या वेळी विद्यापीठाचा बँड उतारावरून धावत मैदानात उतरतो. लेकीला जमलं तर त्याआधी दोन-अडीच तास शेजारच्या सेंट जॉन अरीनात बँडचं ‘स्कल सेशन’ असतं, तिथेही जा. यातलं जवळजवळ काहीच टीव्हीवर येत नाही, तेव्हा आम्ही जाहिराती लावलेल्या असतात.

आणि नाशिकला परतल्यावर पुढचे सामने पाहायचे असतील तर बाराचा सामना तुमच्याकडे रात्री साडेनऊला लागेल, साडेतीनचा मध्यरात्रीनंतर एकला आणि साडेसातचा पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, तिथून पुढे सगळ्यात एक तास मिळवा. मिशिगनचा सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो, म्हणजे रात्री साडेदहाला. जेवणं उरकून बसा.